एकच खड्डा दोनदा खणला तेव्हा कुठे पाणी मुरलं

आमच्या कॉलनीच्या मागच्या बाजूला पाऊस पडला की पाणी साचायचं, यात नवीन काहीच नव्हतं, दर वर्षी कोणीतरी कुरकुर करायचं, कोणीतरी चार घमेली मुरूम आणून टाकायचं आणि पुढच्या पावसात तो मुरूम वाहत जाऊन गटाराच्या जाळीवर बसायचा. मी पण त्या कुरकुर करणाऱ्यांतलीच. पाण्याचं प्रदूषण वगैरे डोक्यात अजिबात नव्हतं, चप्पल भिजते एवढाच राग होता. त्या रागातून शेवटी कॉलनीत रेन गार्डन, म्हणजे पावसाचं वाहून जाणारं पाणी मुरवणारी बाग, कशी झाली त्याची ही गोष्ट.

मग एकदा गाडीची काच उघडी राहिली म्हणून भर पावसात छत्री घेऊन खाली आले आणि काच लावून झाल्यावर का कोण जाणे, तिथेच उभी राहिले. छतावरचं पाणी पाइपातून पार्किंगमध्ये पडत होतं, तिथे ते अगदी स्वच्छ होतं. तेच पाणी गाड्यांच्या खालून फरशीवर पसरत पुढे गेलं की त्यावर तो जांभळा-हिरवा तेलकट तवंग यायचा, मग बागेच्या कडेने जाताना तिथली माती आणि टाकलेलं खत घेऊन तांबूस व्हायचं, वाटेत कुत्र्यांनी करून ठेवलेलं असतं ते वेगळंच, आणि शेवटी हे सगळं मिळून जाळीतून खाली. मी इतकी वर्षं समजत होते की जाळीतून खाली गेलेलं पाणी कुठेतरी जाऊन साफ होत असणार, संडास-बाथरूमच्या पाण्यासारखं. तसं नसतं हो. जिथे पावसाळी गटार वेगळं असतं तिथे ते पाणी कुठल्याही प्रक्रियेशिवाय सरळ ओढ्यात, नदीत जाऊन पडतं. आमचं पावसाळी गटारही वेगळंच निघालं, मागच्या ओढ्यात त्याचं तोंड उघडतं, आणि तिथे मी तोपर्यंत एकदाही गेले नव्हते.

पुढच्या पावसाला मी काचेच्या तीन बरण्या घेऊन खाली गेले. घरच्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत. एक बरणी पाऊस सुरू झाल्यावर पाचेक मिनिटांनी जाळीपाशी भरली, दुसरी अर्ध्या तासाने, तिसरी पाऊस ओसरत आल्यावर. रात्रभर खिडकीत ठेवल्या. सकाळी पहिल्या बरणीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा काळा थर होता, अगदी काजळासारखा बारीक, वर तवंग. दुसरीत थोडा गाळ, आणि तिसरीतलं पाणी जवळजवळ पारदर्शक. म्हणजे बरेच दिवस कोरडं गेल्यावर जो पाऊस येतो, त्याच्या पहिल्या पाण्यातच बहुतेक घाण असते, नंतरचं पाणी त्या मानाने बरं असतं. पुढे सगळ्यांना समजवायला मला दुसरं काही लागलंच नाही, तीन बरण्या टेबलावर ठेवायच्या आणि गप्प बसायचं.

तो काळा थर म्हणजे नुसती धूळ नाही, त्यात टायरची झीज असते. गाडी चालते तसं टायर झिजतं, आणि ते झिजलेलं जातं कुठे हा विचार आपण कधी करतच नाही, ते रस्त्यावरच पडून असतं. त्यात जस्त असतं, ब्रेक पॅडमधून तांबं येतं, इंजिनातून तेल. हे वाचत बसले होते तेव्हा माशांची गोष्ट सापडली आणि मी पार हादरले. अमेरिकेत सिएटलच्या आसपासच्या ओढ्यांत कोहो सॅमन नावाचे मासे समुद्रातून अंडी घालायला परत येतात, आणि शहरातल्या ओढ्यांत पाऊस झाला की अंडी घालायच्या आधीच मरून जायचे. कितीतरी वर्षं कारण कळत नव्हतं. शेवटी २०२० मध्ये शोध लागला की टायर लवकर तडकू नये म्हणून रबरात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात, त्याचा हवेतल्या ओझोनशी संबंध आला की ६पीपीडी-क्विनोन तयार होतं आणि या माशांना तेच मारतं. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. शोध लागायच्या पाचेक वर्षं आधीच, नक्की कोणतं विष आहे हे माहीत नसताना, तिथल्या संशोधकांनी रस्त्यावरचं तेच पाणी वाळू आणि कंपोस्ट मिसळलेल्या मातीच्या थरातून गाळून बघितलं होतं, आणि त्या गाळलेल्या पाण्यात मासे जगले. माती, बास. मशीन नाही, केमिकल नाही.

तर रेन गार्डन म्हणजे हेच. वाहून जाणारं पाणी अडवून एका उथळ, पसरट खोलगट जागेत घ्यायचं, तिथली माती भुसभुशीत ठेवायची, त्यात ओलं-कोरडं दोन्ही सोसणारी झाडं लावायची आणि पाणी तिथे मुरू द्यायचं. ते तळं नव्हे, हे मला पुढे किमान पन्नास वेळा सांगावं लागलं. पाऊस संपल्यावर एक-दोन दिवसांत ती जागा कोरडी दिसलीच पाहिजे. ही आयडिया फार जुनी नाही, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात प्रिन्स जॉर्जेस काउंटीत १९९० च्या सुमारास सॉमरसेट नावाची नवीन वसाहत बांधत होते, तिथे एकच मोठं तळं करण्याऐवजी घरोघरी ३०० ते ४०० चौरस फुटांची अशी बाग करून दिली, तेव्हापासून हे नाव आणि ही पद्धत पसरली.

मग मीटिंग. बरण्यांनी सुरुवात छान झाली, पण पहिला प्रश्न अर्थातच डास. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, पाणी दोन दिवसांत मुरलं तर डास होणारच नाहीत, उलट आत्ता जे डबकं साचतं ते आठ-आठ दिवस हलत नाही तेव्हा डास होतात. मोठ्या ऐटीत सांगितलं. (हे वाक्य पुढे माझ्यावरच उलटलं, ते येईलच.) दुसरा प्रश्न खालच्या मजल्यावरच्या आजोबांचा, माझ्या भिंतीला ओल आली तर? हा प्रश्न बरोबर होता आणि मी त्यावर फारसा विचार केला नव्हता. शोधल्यावर कळलं की इमारतीपासून निदान ३ मीटर तरी लांब करतात आणि जमिनीचा उतार इमारतीकडून बाहेर असावा लागतो. मी आजोबांनाच टेप धरायला लावला आणि ५ मीटरवर खुंटी ठोकली, मग ते आमच्या बाजूने झाले. तिसरा आक्षेप पार्किंगची एक जागा जाईल हा होता, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त वेळ त्यावरच गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

जागेच्या बाबतीत मी पहिली चूक करता करता वाचले. मला वाटत होतं जिथे डबकं साचतं तिथेच बाग करायची, सोपं आहे, पाणी आपणहूनच येतंय. आमच्याकडे गवंडीकाम करणारे एक मामा अधूनमधून येतात, त्यांनी नुसतं बघून सांगितलं, "अहो ताई, तिथं पाणी साचतंय म्हणजे तिथं मुरत नाहीये, मुरत असतं तर साचलं कशाला असतं?" एवढी सरळ गोष्ट! डबक्याच्या वरच्या अंगाला, पाणी तिथे पोचायच्या आधीच ते अडवायचं, असं ठरलं. मोठं झाड टाळलं, कारण मुळं तोडावी लागली असती. विजेची केबल आणि पाण्याची लाइन कुठून जाते ते जुने नकाशे काढून बघितलं, आणि नकाशात एक पाइप होता जो प्रत्यक्षात तीन फूट बाजूला निघाला, त्यामुळे आधी हळूच हाताने खणून बघा, नकाशावर जाऊ नका.

आता मुरण्याची टेस्ट, ही खरंच कोणीही टाळू नये. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा केला, पाण्याने भरला आणि जाऊ दिलं. हे पहिलं पाणी मोजायचं नाही, कारण कोरडी माती सुरुवातीला अधाशासारखं पाणी ओढते आणि आपल्याला वाटतं वा काय निचरा आहे. माती भिजल्यावर परत भरायचा आणि मग मोजायचं. मी मुलाची प्लास्टिकची पट्टी खड्ड्यात उभी खोचली, सकाळी ७ वाजता पाणी २० सेंटीमीटरवर होतं. ८ ला बघितलं तर जेमतेम हललेलं. दर तासाला खाली जाऊन खड्ड्यात डोकावणारी बाई बघून येणारे-जाणारे काही हरवलंय का विचारत होते. ११ वाजता पाणी १७ वर. चार तासांत ३ सेंटीमीटर, म्हणजे तासाला पाऊण सेंटीमीटर. फार चांगलं नाही, चिकणमातीचा अंश आहे, पण अगदीच वाईटही नाही. या हिशेबाने १५ सेंटीमीटर पाणी साठवलं तर २० तासांत मुरेल, मग खोली १५ च्या वर न्यायचीच नाही हे तिथेच पक्कं झालं.

बाकी हिशेब सोपा आहे, १ चौरस मीटरवर १ मिलीमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. आमच्या छताचा अर्धा भाग १६० आणि पार्किंग १२०, मिळून २८० चौरस मीटरचं पाणी त्या बाजूला येतं, २५ मिलीमीटर पाऊस झाला तर ७००० लिटर. बाग ९ बाय ४ मीटरची, १५ सेंटीमीटर खोल, त्यात मावतं ५४०० लिटर. उरलेलं थोडं पाऊस चालू असतानाच मुरतं, थोडं सांडव्यावरून बाहेर जातं. सगळं मावायलाच हवं असा एका काकांचा हट्ट होता, पण घाण पहिल्या पाण्यात असते ना, ते पहिलं पाणी आत आलं की आपलं निम्म्याहून जास्त काम झालं, मुसळधार पावसातलं शेवटचं पाणी निघून गेलं तर जाऊ दे.

खणायला सुट्टीच्या दिवशी पंधरा-सोळा जण आले. जमिनीला उतार असल्यामुळे दोन टप्पे केले, वरचा आणि खालचा, मध्ये न खणलेल्या मातीचा बांध तसाच ठेवला, वरचा टप्पा भरला की पाणी खालच्यात आणि तो भरला की कडेच्या सांडव्यातून बाहेर. दीड फूट खणायचं, त्यात एक फूट चांगली माती परत भरायची आणि अर्धा फूट रिकामा ठेवायचा. तळ मात्र सपाट हवा, नाहीतर सगळं पाणी एकाच कोपऱ्यात जातं, त्यासाठी मामांनी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढून दिली, मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप ठेवा बाजूला म्हणाले. वरचा टप्पा हाताने झाला, टिकाव-फावड्याने, दोन सुट्ट्या गेल्या, आणि तिसऱ्या सुट्टीला माणसं झाली सहा. पाठी दुखत होत्या. ढग यायला लागले होते. तेवढ्यात शेजारच्या कामावर एक छोटं खोदाईचं मशीन आलेलं होतं, कोणीतरी विचारलं, ते लोक तयार झाले, आणि दोन तासांत खालचा टप्पा खणून मोकळा! टाळ्या वाजवल्या आम्ही. मशीन खड्ड्यात उतरून मागे-पुढे, मागे-पुढे फिरत होतं आणि मी त्याचा व्हिडिओ काढत होते.

मातीच्या बाबतीत दोन वाद झाले. एक म्हणजे खणलेल्या चिकणमातीतच दोन-चार पोती वाळू मिसळू, काम होईल. नाही होत. चिकणमातीत थोडीशी वाळू घातली की वाळल्यावर ती विटेसारखी होते, घालायची तर वाळू निम्मी किंवा जास्तच हवी. आम्ही अंदाजे निम्मी जाड वाळू, पाव भाग पोयट्याची माती आणि पाव भागाच्या आत कंपोस्ट असं मिश्रण केलं. दुसरा वाद कंपोस्टवरून, कॉलनीत बागेची आवड असणाऱ्या एक वहिनी आहेत, त्यांचं म्हणणं होतं की खत भरपूर घाला, झाडं कशी तरारून येतील. आता गंमत बघा, जास्त खत घातलं तर त्यातलंच नायट्रेट आणि फॉस्फरस पाण्याबरोबर खाली उतरतं, म्हणजे पाणी साफ करायला बाग केली आणि बागेनेच पाणी घाण केलं. वहिनी रुसल्या थोड्या. मग झाडांची निवड पूर्ण त्यांच्याकडे दिली आणि ती त्यांनी माझ्यापेक्षा शंभरपट चांगली केली, मधल्या सखल भागात लव्हाळ्याच्या जातीची गवतं आणि कर्दळ, काठाला कमी पाण्यावर जगणारी झुडपं, बहुतेक सगळी आपल्या भागात आपणहून वाढणारी, लांब मुळं सोडणारी. ही मुळंच पुढे माती पोकळ ठेवतात, वर दिसतं त्यापेक्षा खालचं काम जास्त. रोपं छोटीच आणली, कारण छोटी रोपं लवकर मुळं धरतात (आणि मोठी परवडत नव्हती).

मग पहिला मोठा पाऊस आला. आम्ही दहा-बारा जण छत्र्या घेऊन भोवती उभे, पाणी दगडांवरून आत आलं, वरचा टप्पा भरला, बांधावरून खालच्यात उतरलं, लहान मुलं ओरडत होती, मला तर गळ्याशी काहीतरी आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वरचा टप्पा कोरडा. खालचा भरलेला. म्हटलं वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी पाणी तसंच, बोटभर कमी झालं असेल. चौथ्या दिवशी सकाळी आजोबांनी हाक मारली, "ताई, जरा इकडे या." त्यांच्या हातात काचेचा ग्लास होता आणि ग्लासात डासांच्या अळ्या, त्या स्वल्पविरामासारख्या, वळवळत वर-खाली करणाऱ्या. ते आणखी काही बोलले नाहीत, मी मीटिंगमध्ये काय बोलले होते ते त्यांना पाठ होतं आणि मलाही. त्याच दिवशी बादल्यांनी पाणी उपसून काढलं आणि कोरड्या फरशीवर पसरून दिलं, पाण्याबाहेर अळ्या जगत नाहीत.

दोन्ही टप्प्यांत माती एकच, मिश्रण एकच, मग फरक कशाचा? वरचं हाताने खणलेलं, खालचं मशीनने, एवढाच. तरी मला पटत नव्हतं. मामांनी एका कोपऱ्यातली रोपं काढायला लावली आणि एक फूट मिश्रण बाजूला करून खालपर्यंत पोचले. तिथे फावड्याचा आवाजच बदलला, ठक्क. हाताने उरलेली माती पुसली तर खाली तळ गुळगुळीत, चमकणारा, लिंपून काढल्यासारखा, आणि त्यावर मशीनच्या टायरचे ठसे, नक्षीसकट, जसेच्या तसे. इतक्या पावसात भिजूनसुद्धा ठसा विरघळला नव्हता. ओलसर चिकणमातीवरून वजनदार मशीन फिरलं की मातीतली पोकळी दाबून बंद होते, आम्ही त्या दोन तासांत खड्डा नाही, पक्की टाकी बांधून घेतली होती आणि वर टाळ्या वाजवल्या होत्या. मशीन वापरायचं तर बाहेर काठावर उभं राहून लांब हाताने खणायचं, आत उतरायचं नाही, आणि माती ओली असताना तर नाहीच. हे मी आधी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं! नुसतं त्या दिवशी आठवलं नाही कारण पाठ दुखत होती.

मग सगळं परत. रोपं काढून ओल्या पोत्यांत गुंडाळून सावलीत ठेवली, मिश्रण उपसून प्लास्टिकच्या कागदावर ढीग केला, आणि माती वाफशावर यायची वाट बघितली, ओल्यात खणलं असतं तर परत तेच. चार दिवसांनी पहारी आणि बागकामाचे लांब दातांचे काटे घेऊन तळ एक फूट खोल मोकळा केला, उलथा करायचा नाही, नुसता खोचून हलवायचा, ढेकळं तशीच राहू द्यायची. पाय ठेवायला फळ्या टाकल्या आणि एका टोकापासून मागे सरकत सरकत बाहेर आलो, मोकळ्या केलेल्या भागावर कोणी पाय ठेवला की वहिनी अशा ओरडायच्या की बस. यावेळी माणसं होती पाच, पण त्यात आजोबा होते, खुर्ची टाकून. भरायच्या आधी तळातच परत तीच टेस्ट घेतली, पट्टी खोचून, तासाला एक सेंटीमीटर. मग मिश्रण, मग रोपं. नऊ रोपं मेली, बाकीची धरली. आता दोन्ही टप्पे दुसऱ्या दिवशी कोरडे असतात.

एक छोटा घोळ अजून झाला, तो पटकन सांगते. ओल टिकावी आणि तण येऊ नये म्हणून वर लाकडाच्या सुट्या चिपा पसरल्या होत्या, पाणी आल्यावर त्या सगळ्या तरंगल्या आणि होडीसारख्या जाऊन सांडव्याच्या तोंडाशी अडकल्या, सांडवा बंद, मग पाण्याने बांधाला दुसरीकडूनच चीर पाडली. लांब धाग्यांचा, एकमेकांत गुंतून बसणारा लाकडाचा भुसा मिळतो तो तरंगून जात नाही, तो घातला. आणि सांडव्याला मोठे दगड लावले, थोडे खाली पुरून, नुसते वर ठेवून नाही.

पाणी आत येतं तिथे मामांनी आणखी एक गोष्ट करून दिली, दगडांचा छोटा खळगा, दोन फूट बाय तीन फूट असेल. पाणी आधी त्यात पडतं, जोर मोडतो, जड गाळ तिथेच खाली बसतो आणि वरचं पाणी पुढे बागेत जातं. आता मला विचाराल तर सगळ्या बागेत हा खळगाच मला सगळ्यात आवडतो, फुलं वगैरे ठीक आहे. तीन-चार पाऊस झाले की फावड्याने तो साफ करायचा, गाळ काळा कुळकुळीत निघतो, हातात घेऊन चोळला की तेलकट लागतो आणि वास चक्क पंक्चरच्या दुकानाचा. तो आम्ही वाळवून कचऱ्यात देतो, कुठल्याही कुंडीत किंवा भाजीच्या वाफ्यात घालत नाही. खळग्यातून पुढे गेलेल्या बारीक कणांबरोबरचं जस्त-तांबं बहुतेक वरच्या काही सेंटीमीटर मातीतच चिकटून राहतं, तेल मातीतले जिवाणू हळूहळू खातात, त्यामुळे काही वर्षांनी वरचा थर काढून बदलावा लागणार हे आत्ताच वहीत लिहून ठेवलंय, तेव्हा कोणाच्या लक्षात राहणार.

बरण्या मी परत भरल्या अर्थातच. एक आत येणाऱ्या पाण्याची, एक सांडव्यावरून बाहेर पडणाऱ्या पाण्याची. आतली काळी, बाहेरची किंचित पिवळसर पण आरपार दिसणारी. सगळ्यांनी फोटो काढले आणि "पाणी शुद्ध झालं" असं लिहून फिरवले, मला ते खटकलं आणि मी तसं बोललेही, थोडी वाईट झाले. बरणीत दिसतो तो गाळ. पाण्यात विरघळलेलं नायट्रेट डोळ्याला दिसत नाही आणि ते आमच्यासारख्या साध्या मातीतून बरंचसं तसंच निघून जातं, ते अडवायला तळाशी कायम पाण्याने भरलेला, हवा नसलेला थर मुद्दाम करावा लागतो, आमच्याकडे तो नाही. मग त्यावर उपाय एकच, खत कमी टाकायचं, आणि मुख्य म्हणजे पावसाच्या तोंडावर टाकायचं नाही. हे सांगितल्यावर वहिनी हसून म्हणाल्या, म्हणजे शेवटी तू माझं खत बंद करूनच थांबलीस. कॉलनीत तेल गळणारी गाडी एकच होती, कोणाची ते सगळ्यांना माहीत होतं, कोणी काही बोललं नाही, फक्त एका सकाळी तिच्याखाली एक जुना ट्रे ठेवलेला दिसला. आठवड्यात तो भरला. पुढच्या आठवड्यात गाडी दुरुस्तीला गेली.

सोपं अजूनही नाहीये. पहिल्या वर्षी तण एवढं आलं की कुठलं लावलेलं आणि कुठलं आपणहून उगवलेलं हे फक्त वहिनींना कळायचं, आणि पाऊस नसताना रोपांना पाणी घालावं लागलं, रेन गार्डनला नळाचं पाणी म्हणून चेष्टा झाली. कोरड्या दिवसांत ती जागा म्हणजे वाळकं गवत असलेला खड्डा दिसते, एकाने "हे साफ करून टाका" अशी तक्रारही दिली. डबकं मात्र साचत नाही, दोन वर्षं झाली. अगदी मोठ्या पावसात थोडं पाणी येतं तिथे, पण चप्पल भिजण्याइतकं नाही.

आता पलीकडच्या विंगवाल्यांना पण अशीच बाग हवी आहे. त्यांनी जागा आखली, दोरी बांधली, रोपांची यादी पण केली. मी पट्टी घेऊन गेले. खड्डा केला, भरला, जाऊ दिला, परत भरला, रात्री ९ वाजता २० सेंटीमीटर. सकाळी ९ वाजता १९. मी, मामा आणि त्या विंगमधले दोघे-तिघे खड्ड्याभोवती उभे होतो, मामांनी तळाला काठी टेकवून बघितली, खाली कातळ. त्यांना सांगितलं, इथे नाही होणार. नाराज झाले, पण आता त्यांच्या छताचं पाणी पाइपाने टाकीत घ्यायचं आणि पार्किंगचं पाणी चर काढून आमच्या खळग्यापर्यंत आणता येतंय का ते बघायचं असं चाललंय. तसं केलं तर आमचा खालचा टप्पा दोन मीटर वाढवावा लागेल. हाताने.